काळी, पांढरी आणि कचेरी

राज्यें कशीं बुडालीं आणि कशीं उभीं राहिलीं, हें इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर वाचावयास मिळतें. परंतु राज्य बुडालें त्याच्या दुसऱ्या दिवशीं गांवचा सारा कोणीं मागितला, चोरीचा माग कोणीं काढला, दोघां भावांच्या वांटणीचा तंटा कोणापुढें गेला, हें त्या पुस्तकांत क्वचितच सांपडतें. वस्तुतः सामान्य माणसाचा राज्याशीं संबंध येतो तो या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींतूनच. रणांगण तो आयुष्यांत एकदां पाहतो, किंवा पाहतही नाहीं. कचेरीची पायरी मात्र त्याला दरसाल चढावी लागते.

या दृष्टीनें सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा इतिहास फार बोधप्रद आहे. १८१८ च्या फेब्रुवारींत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. त्याच महिन्यांत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणींत असलेले छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या स्वाधीन झाले. एप्रिलांत त्यांची गादीवर स्थापना झाली. पुढें २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें नीरा आणि वारणा या नद्यांच्या दरम्यानचा, सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपुराकडे पसरलेला मुलूख त्यांच्या राज्यांत ठरला. कारभार प्रथम कॅप्टन जेम्स ग्रँट यांच्या देखरेखीखालीं चालला व १८२२ मध्यें तो महाराजांच्या हातीं आला. त्याच १८१९ सालीं सांगलीकर चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचाही इंग्रजांशीं करार झाला. चिंतामणराव १८०१ मध्यें मिरजेच्या घराण्यांतून वेगळे होऊन कृष्णाकांठीं सांगलीस येऊन राहिले होते. त्यांचा मुलूख सलग नव्हता. मिरज प्रांत, मंगळवेढें, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असा तो दूरदूर विखुरलेला होता.

एवढी उलथापालथ झाली, तरी गांवगाड्याचें चाक थांबलें नाहीं. त्या वर्षींही पेरण्या झाल्या, सारा गोळा झाला, बलुतेदारांना बलुतें मिळालें. निशाण बदललें, पण निशाणाखालीं काम करणारे हात तेच राहिले. ते हात कोणाचे होते आणि ते काय करीत, याचा आतां विचार करूं.

गांव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. या दोहोंचा मुख्य तो पाटील. सारा वसूल करणें, पडीक जमीन लागवडीस आणणें, गांवांत बंदोबस्त राखणें, लहानसहान तंटे मिटविणें, हीं सर्व कामें त्याच्याकडे असत. त्याचा मदतनीस चौगुला आणि लेखक कुळकर्णी. पाटीलकी ही सरकारनें दिलेली नोकरी नव्हे, तें वतन होतें. तें बापाकडून मुलाकडे जाई, त्याचे वांटे पडत, प्रसंगीं तें विकतांही येई. म्हणून एकाच गांवीं दोन-तीन पाटील असत, आणि पोळ्याच्या दिवशीं कोणाचा बैल पुढें, होळीची पूजा प्रथम कोणाची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. आज हे तंटे हास्यास्पद वाटतात. परंतु ज्याचा मान पहिला त्याचा हक्कही पहिला, असा त्या काळचा न्याय असल्यामुळें त्या बैलाच्या मागें घराण्याची मिळकत उभी असे.

सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी इत्यादि बलुतेदार गांवाचें काम वर्षभर करीत आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा आपला वांटा घेत. यांत महारांचें काम सर्वांत अधिक आणि सर्वांत कष्टाचें. गांवची शीव कोठून कोठवर जाते हें त्यांना ठाऊक असे, आणि शिवेच्या तंट्यांत त्यांचीच साक्ष महत्त्वाची ठरे. वेशीवर पहारा करणें, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणें, सरकारी टपाल व वसुलाची रक्कम कचेरीस पोंचविणें, वाटसरू अधिकाऱ्यास वाट दाखविणें व त्याचें ओझें वाहणें, हें सर्व त्यांनींच करावयाचें. राज्ययंत्राचे पाय म्हणजे हेच लोक. परंतु त्या यंत्राच्या सभेंत त्यांना बसावयास जागा नव्हती.

कुळकर्ण्याचें दप्तर हा गांवाचा स्मृतिकोश. रुमालांत बांधलेल्या त्या मोडी कागदांत थळझाडा असे, म्हणजे कोणतें शेत कोणत्या थळांत, किती बिघ्यांचें, कोणाच्या नांवाचें याची नोंद. लावणीपत्रकांत यंदा कोणीं काय केलें हें लिहिलेलें असे. कोणत्या कुळाकडे किती येणें, किती आलें, किती राहिलें, याचा हिशेब वेगळा. मिराशी जमीन धरणारा मिरासदार; त्याचा हक्क वंशपरंपरेचा. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. त्याचा हक्क करारापुरता. हा भेद लेखणीच्या एका रेघेवर अवलंबून असे, म्हणून कुळकर्ण्याचें महत्त्व पाटलाहून कांहीं कमी नव्हतें.

वर्षाचा क्रम साधारणतः असा असे. पावसाच्या आरंभीं पाटील कुळांना धीर देऊन पेरणीस लावी. ज्याच्याजवळ बैल किंवा बीं नसे त्याला तगाई मिळे. पडीक जमीन घेणाऱ्यास सरकारांतून कौल मिळे. त्यांत पहिलीं कांहीं वर्षें सारा थोडा आणि मग क्रमाक्रमानें वाढता असे. पिकें उभीं राहिलीं म्हणजे त्यांची पाहणी होई. नंतर पाटील व कुळकर्णी कचेरींत जात आणि तेथें मामलेदाराशीं गांवच्या एकूण रकमेची घासाघीस चाले. पाटलानें पाऊस कमी झाला म्हणावें, मामलेदारानें गेल्या सालचा आंकडा दाखवावा, आणि शेवटीं दोघांनीं मधल्या आंकड्यावर यावें, असा हा प्रकार. ठरलेली रक्कम हप्त्यांनीं भरावयाची. त्या काळीं नाना टांकसाळींचे रुपये चालत असल्यामुळें नाणें पारखून घेणें आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा घेणें हें पोतदाराचें काम होतें.

सरकारचा सारा झाला म्हणजे सर्व झालें असें नाहीं. गांवाचा स्वतःचा खर्च असे, त्याला गांवखर्च म्हणत. देवळांतील दिवाबत्ती, जत्रा, गोसावी-फकिरांचा शिधा, वाटेनें जाणाऱ्या शिपायांची वैरण, गांवकुसाची डागडुजी, हें सर्व त्यांतून चाले; त्यासाठीं साऱ्यावर जादा पट्टी बसे. या खर्चाला मामलेदाराची मंजुरी लागे. हिशेब नीट तपासला गेला तर ही पट्टी गांवाच्या उपयोगी पडे. आणि तपासणारा व तपासला जाणारा एक झाले, तर हीच पट्टी पाटील, कुळकर्णी व कचेरींतील कारकून यांच्या खिशांत जाई. अशा गुप्त देण्याघेण्यासाठीं ‘अंतस्थ’ असा एक सभ्य शब्दही रूढ झाला होता. लांच या शब्दाला जेव्हां असें सोंवळें नांव मिळतें, तेव्हां ती रोजची झाली असें समजावें.

आतां गांवावरून परगण्याकडे वळूं. परगण्याचा अधिकारी मामलेदार किंवा कमाविसदार. त्याला हुजूर दप्तरांतून ‘बेहडा’ मिळे, म्हणजे त्या साली किती वसूल अपेक्षित, त्यांतून कोणता खर्च मान्य, किती भरणा करावयाचा, याचा अंदाज. वर्षाअखेर त्यानें हिशेब समजावून द्यावयाचा. पण एकट्या मामलेदारावर विसंबणें मराठी राज्यकर्त्यांना मान्य नव्हतें. त्याच्या कचेरींत फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांना मामलेदार काढूं शकत नसे, आणि त्यांच्या निशाणीवांचून हिशेबाचा कागद पुरा होत नसे. शिवाय देशमुख व देशपांडे हे परगण्याचे जुने वतनदार. देशमुख म्हणजे परगण्याचा पाटील आणि देशपांडे म्हणजे परगण्याचा कुळकर्णी, असें म्हटल्यास चालेल. मामलेदाराचा आंकडा खरा कीं खोटा, हें देशपांड्याच्या दप्तराशीं ताडून पाहतां येई. एकाच रकमेची नोंद गांवीं, परगण्यांत आणि कचेरींत अशा निरनिराळ्या हातांनीं व्हावी, हें या व्यवस्थेचें मर्म होतें. सांगलीकरांसारख्या विखुरलेल्या मुलुखाच्या धन्याला तर यावांचून गत्यंतरच नव्हतें. शिरहट्टीस काय चाललें आहे हें सांगलीस कळावयाचें तें कागदावरूनच.

बंदोबस्ताची रीतही लक्षांत घेण्यासारखी आहे. चोरी झाली म्हणजे गांवचा रखवालदार, बहुधा रामोशी, पावलांचा माग काढी. माग आपल्या शिवेबाहेर गेला असें त्यानें दाखविलें, तर जबाबदारी पुढच्या गांवावर पडे आणि तेथील रखवालदार माग पुढें नेई. जेथें माग थांबे त्या गांवानें चोर द्यावा किंवा नुकसान भरून द्यावें. त्यामुळें चोरास आसरा देणें गांवाला महाग पडे. यांत निरपराधी गांवावर भार पडण्याचा दोष होता. परंतु मोठें पोलीस खातें नसतांना सबंध मुलुखाचे डोळे उघडे ठेवण्याची ही एक युक्ति होती.

न्याय प्रथम पाटलापुढें, आणि त्याच्यानें न मिटल्यास पंचायतीपुढें. दोन्ही पक्षांकडून, पंच सांगतील तें मान्य करूं, असा राजीनामा लिहून घेत आणि जामीन घेत. मग वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, साक्षी, जुने कागद, आणि शेवटीं निवाडपत्र. महत्त्वाच्या महजरावर जमलेल्या सर्वांच्या निशाण्या पडत. ज्याला लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी. कुणब्यानें काढलेला नांगर आजही जुन्या कागदांवर दिसतो. जिंकणाऱ्यानें सरकारांत ‘हरकी’ द्यावयाची आणि हरणाऱ्यानें ‘गुन्हेगारी’. म्हणजे तंटा कोणीही जिंको, सरकार कधीं हरत नसे. पंच बिनवेतन असल्यामुळें काम महिनेंमहिने लांबे, बलवान प्रतिवादी हजरच होत नसे, आणि निवाडा झाला तरी त्याची अंमलबजावणी मामलेदाराच्या मर्जीवर राही. तथापि निवाडा करणारे लोक वादाची जागा, माणसें आणि चाल यांशीं परिचित असत, हा या पद्धतीचा मोठा गुण.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अमेरिकेंतील नव्या संस्थानांत ‘कौंटी’ नांवाचा घटक असाच रोजचा कारभार पाहत होता. व्हर्जिनिया किंवा केंटकीसारख्या संस्थानांत गांवोगांवचे प्रतिष्ठित जमीनदार न्यायाधीश म्हणून ठराविक दिवशीं एकत्र बसत. तंटे ऐकणें, रस्त्यांवर देखरेख करणारे नेमणें, नावाड्यांस परवाने देणें, खानावळींतील जेवणाचे व दारूचे दर ठरविणें, निराश्रितांची सोय लावणें, लांडगा मारून आणणाऱ्यास बक्षीस देणें, हें सर्व त्यांनींच करावयाचें. शेरीफ कर गोळा करी, कौंटीचा लेखक खरेदीखतें व मृत्युपत्रें नोंदवी. गुरांच्या कानांना ज्याच्या-त्याच्या खुणेच्या खांचा पाडीत, त्या खुणाही त्याच्या वहींत लिहिल्या जात. रस्त्याच्या कामासाठीं आसपासच्या पुरुषांना वर्षांतून कांहीं दिवस अंगमेहनत द्यावी लागे. शेरीफाच्या ठिकाणीं मामलेदार आणि लेखकाच्या ठिकाणीं देशपांडे मनांत आणला, तर वाई किंवा कऱ्हाडच्या कचेरींत बसणाऱ्या माणसाला हा कारभार फारसा परका वाटला नसता.

भेद होता तो मुळांत. अमेरिकेंत जागा वतनाची नव्हती. जसजसें शतक पुढें गेलें तसतशा या जागा अधिकाधिक ठिकाणीं मतदानानें भरल्या जाऊं लागल्या. येथें पाटलाचा मुलगा पाटील आणि महाराचा मुलगा महारकीला बांधलेला. परंतु तेथील चित्रही निर्दोष नव्हतें. दक्षिणेकडील कौंट्यांच्या त्याच वह्यांत गुलाम माणसें घोडे व जमीन यांच्या ओळींत मालमत्ता म्हणून लिहिलीं जात. वही दोन्हीकडे होती. तींत कोण माणूस म्हणून यावा आणि कोण वस्तु म्हणून, हें वही लिहिणारा ठरवीत नसे, समाज ठरवीत असे.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं इतकी बारकाईची व्यवस्था असतांना पेशवाईच्या अखेरीस रयत इतकी गांजली कां? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ च्या ऑक्टोबरांत जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत याचें उत्तर आहे. प्रत्येक गांव हें एक लहानसें राज्यच आहे, वरचीं राज्यें नाहींशीं झालीं तरी तें आपल्या माणसांचें रक्षण करूं शकेल, असें त्यांनीं गांवसंस्थेचें वर्णन केलें. पण त्याच अहवालांत दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती इजाऱ्यानें कशा दिल्या जात हेंही त्यांनीं सांगितलें आहे. जो अधिक बोली करील त्याला मामलत. तो ती तुकड्यातुकड्यांनीं दुसऱ्यांस देई. ते गांवांवर बोजा टाकीत. इजारदाराला उद्यां दुसरा अधिक बोली करील ही भीति, म्हणून आजच सर्व काढून घ्यावें ही घाई. तक्रार करावी तर न्याय देणाराही तोच. दरकदार होते, देशपांडे होते, बेहडाही असेल. पण अधिकाराची जागाच बाजारांत आली, तेव्हां या सर्व कुलुपांच्या किल्ल्या एकाच हातांत गेल्या. कागद खोटे झाले नव्हते. त्यांना विचारणारा उरला नव्हता.

साताऱ्यास इजाऱ्याची रीत मोडण्यांत आली आणि कारभार पुन्हां पगारी अधिकाऱ्यांच्या हातीं दिला गेला. ग्रँट यांनीं जुन्या चालींत विनाकारण बदल करावयाचा नाहीं हें धोरण ठेवलें. या कामाच्या निमित्तानें जीं दप्तरें त्यांच्या दृष्टीस पडलीं त्यांचा उपयोग त्यांनीं पुढें मराठ्यांच्या इतिहासासाठीं केला. तो ग्रंथ १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रँट डफ हें नांव महाराष्ट्राला परिचित झालें तें त्या ग्रंथामुळें. प्रतापसिंह महाराज स्वतः कागद पाहत, रोजनिशी ठेववीत, रस्ते व शिक्षण यांकडे लक्ष पुरवीत. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता त्यांच्याच कारकीर्दींतला. परंतु हिशेब चोख ठेवणाऱ्या या राजाला इंग्रजांनीं कटाच्या आरोपावरून ५ सप्टेंबर १८३९ रोजीं पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी लंडनपर्यंत गेले, पण उपयोग झाला नाहीं. १८४७ मध्यें महाराज काशीसच वारले, आणि १८४८ मध्यें त्यांचे बंधु शहाजी वारल्यावर राज्य खालसा झालें. गांवच्या पाटलाला निदान पंचायत मागतां येत होती. साताऱ्याच्या छत्रपतींस तीही मिळाली नाहीं.

त्यानंतर कारभाराचें रूप पालटत गेलें. इंदापूर तालुक्यांत १८३६ पासून सुरू झालेली नवी पैमाषीची पद्धत पुढें साताऱ्यांतही आली. सारा प्रत्येक शेतावर ठरला, सरकारचा संबंध सरळ खातेदाराशीं जडला, आणि गांवानें एकत्र बसून रकमेची घासाघीस करण्याचें कारण उरलें नाहीं. पंचायतीची जागा कोर्टांनीं घेतली. त्यामुळें पाटलाच्या जुलमाला आळा बसला हें खरें. पण गांव म्हणून एकत्र बसण्याची संवयही सुटली हें तितकेंच खरें.

महारकीचें ओझें मात्र फार काळ राहिलें. १८७४ च्या वतन कायद्यानेंही तें उतरलें नाहीं. तो कायदा दुरुस्त करण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल मांडलें. तेंही त्या वेळीं सिद्धीस गेलें नाहीं. त्यांचें बालपण साताऱ्यास गेलें होतें, आणि १९०० सालच्या नोव्हेंबरांत ज्या शाळेच्या पटावर त्यांचें नांव चढलें, ती आज प्रतापसिंह महाराजांच्याच नांवानें ओळखली जाते. देशांत स्वराज्य आल्यानंतर १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें गेलीं, १९५८ च्या कायद्यानें गांवचीं कनिष्ठ वतनें गेलीं आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाची जागाही रद्द झाली. त्याच १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या. मध्यंतरीं १९४८ मध्यें सांगली संस्थान विलीन झालें, १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें.

वतन गेलें, मोडी गेली, बोरू गेला. परंतु कारभाराची कसोटी बदललेली नाहीं. रकमेची नोंद एकाहून अधिक हातांनीं होते कीं नाहीं, नोंद करणाऱ्याची जागा पैशानें मिळते कीं योग्यतेनें, आणि ज्याच्याकडून पैसा घेतला त्याला ती वही पाहतां येते कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या गांवीं नीट मिळतील तेथें राज्य चांगलें चाललें आहे असें समजावें. यांतील तिसरा प्रश्न जुन्या कुणब्याला विचारतां येत नव्हता. नांगराची निशाणी करून कागदाला साक्ष राहण्याचा अधिकार त्याला होता; तो कागद उघडून दाखवा असें म्हणण्याचा नव्हता. आज ग्रामसभेंत बसणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला गांवच्या खर्चाविषयीं विचारतां येतें, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कचेरींतील कागदही मागतां येतो. शिवेवर पहारा करणारांच्या आणि नांगर रेखणारांच्या नातवंडांना मिळालेला हा वारसा कोणत्याही जुन्या वतनाहून मोठा आहे. मात्र तो आपोआप चालत नाहीं, दरसाल जाऊन विचारावें तेव्हांच चालतो.